एसीचं बटण

आप्पांनी काही न बोलता हात पुढे केला आणि एसीचं बटण दाबून बंद केलं.

एवढंच झालं होतं. रंगपंचमीच्या आदल्या दिवशी वाईजवळच्या बावधनच्या बगाडाच्या जत्रेला निघालो होतो. आप्पा पुढे, मागे आई आणि माझी दोन पोरं. पुण्याहून गावाला नेण्यासारखं काय असतं देव जाणे, पण डिकी भरलेली होती. खंबाटकीच्या चढाला लागलो तर पुढे लोखंडी पत्र्याची भेंडोळी लादलेला एक ट्रेलर, मुंगीच्या पावलाने चाललेला. मी उजवीकडे घेतलं आणि तिसऱ्या गिअरमध्येच पाय पूर्ण दाबला. गाडीने नुसता हुंकार दिला. पुढे काही जाईना. मागून एका नव्या, पांढऱ्या, उंचपुऱ्या गाडीने डिपर मारायला सुरुवात केली. एका बाजूला ट्रेलरची न संपणारी चाकं, आरशात ते डोळे मिचकावणारे दिवे आणि मधोमध माझी २०१०ची डिझेल स्विफ्ट, दमेकऱ्यासारखी. तेवढ्यात तो हात आला. कॉम्प्रेसर सुटल्याचा बारीक 'टक्' ऐकू आला, गाडी थोडी मोकळी झाली, मी एकदाची दुसऱ्यावर आले आणि ट्रेलर मागे पडला. पांढरी गाडी भुर्रकन निघून गेली. काचा खाली केल्या तर जळक्या क्लचचा तो आंबूस, खमंग वास आत आला. आमचाच होता की ट्रेलरचा, कोण जाणे. सुरूर फाट्यापर्यंत कुणी बोललं नाही. धाकट्याने तेवढं विचारलं, "आई, एसी बिघडला का?"

घाटात एसी बंद करणं यात नवल काहीच नाही. लहान इंजिनाची गाडी असलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी केलेलं असतं. मला लागलं ते वेगळंच. आप्पा बोलले असते तर बरं झालं असतं. "गिअर पाड" म्हणाले असते, "कशाला घुसलीस" म्हणाले असते, तर मी उलट उत्तर देऊन मोकळी झाले असते. पण त्यांनी आजारी माणसाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करावं तसा हात पुढे केला आणि परत मांडीवर ठेवला. तो हात माझ्या डोक्यातून पुढे दोन महिने गेला नाही.

त्या हाताला घाट ठाऊक आहे. आप्पा ३१ वर्षं एसटीत ड्रायव्हर होते, वाई डेपोला. बोगदा व्हायच्या आधी जाणं-येणं दोन्ही घाटातूनच होतं. सुट्टीत मी त्यांच्या पुणे गाडीत पुढे बसायचे. तेव्हाच्या गाड्यांचं इंजिन आतच असायचं, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, झाकणाखाली. त्या झाकणावर जुनी गोधडी अंथरलेली असे आणि त्यावर आप्पांचा डबा. पुण्याला पोचेपर्यंत भाकरी ताज्यासारखी गरम. पायाला चटके बसायचे आणि डिझेल, रेक्झिन आणि कंडक्टरच्या तंबाखूचा मिळून एक वास यायचा. मला तो आजही घाटात येतो, नसताना. चढ सुरू व्हायच्या आधीच आप्पा गिअर पाडायचे. दोनदा क्लच, मधे एक रेस, आणि तो लांबलचक दांडा लोण्यात सुरी जावी तसा आत. "गाडीनं मागितल्यावर द्यायचं नसतं, आधीच द्यायचं," असं ते नव्या ड्रायव्हरांना सांगायचे. आणि उतारावर दुसरं वाक्य, जे बहुतेक जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडी असतं: ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं. शंभर-सव्वाशे घोड्यांचं इंजिन, दहा टनांहून जास्त वजन, पन्नास-पंचावन्न माणसं, टपावर कोंबड्यांच्या पाट्या. माझ्या गाडीत पाच माणसांना ७५ घोडे आहेत. हा हिशोब मी घाटातून उतरता उतरताच केला होता. तो न केलेला बरा होता.

बगाडावरून परत आले आणि भाच्याला फोन केला.

भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. अभ्यास सोडून गाड्यांचं सगळं त्याला येतं. त्याने एका दमात निकाल दिला, "मावशी, स्टेज वन रीमॅप मार. वेगळीच गाडी होईल." मग फोनवर तासभर शिकवणी झाली. माझ्या गाडीतलं फियाटचं १,२४८ सीसीचं मल्टीजेट एके काळी इतक्या गाड्यांत होतं, की शौकीन मंडळी त्याला थट्टेने राष्ट्रीय इंजिन म्हणायची. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो. आपल्या रांजणगावातही ते बनायचं. पण २००० आरपीएमच्या खाली त्यात शुकशुकाट. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, फिरायला जेवढा धूर लागतो तेवढा जमेपर्यंत तुम्ही वाट बघायची, आणि जमला की गाडी कुणी ढकलल्यासारखी पळते. पुण्याच्या सिग्नलवर याची सवय होते. घाटात, भरल्या गाडीने, तिसऱ्या गिअरमध्ये ती वाट बघणं फार लांब होतं. भाच्याचं म्हणणं असं, की ईसीयू नावाच्या डब्यात, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, नुसते तक्ते असतात: इतक्या आरपीएमला, पाय इतका दाबला, की इतकं डिझेल, इतका बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब. कंपनी ते तक्ते हात राखून भरते. गाडी कुठे जाईल, कसलं डिझेल पिईल, मालक वेळेवर ऑइल बदलेल की नाही, हे तिला कुठे माहीत असतं? तो राखलेला हात थोडा सैल करायचा, बस्स. "हेच इंजिन एर्टिगामध्ये ९० घोडे देतं की!" हा त्याचा हुकमाचा एक्का होता. ते खरंच आहे. फक्त तिथे टर्बोच वेगळ्या जातीचा आहे, कमी आरपीएमलाही फिरणारा, हे त्याने मी विचारल्यावर सांगितलं.

त्याच्या ओळखीचा एक पोरगा हे काम करतो. दुकान म्हणजे एक शटर, एक लॅपटॉप, भिंतीवर रॅलीच्या गाड्यांची पोस्टरं. त्याने २२,००० सांगितले आणि मोठ्या मनाने स्वतःची डिझायर चालवायला दिली. माझंच इंजिन, रीमॅप केलेलं. वारज्याच्या पुढे बायपासवर तिसऱ्यात पाय दाबला आणि खरं सांगते, पोटात गोळा आला. छान गोळा. पाळणा वरून खाली येताना येतो तसा. माझीच गाडी, तोच डॅशबोर्ड, तेच इंडिकेटरचं टिकटिकणं, आणि आत दुसरंच कुणीतरी बसलेलं. मी पन्नाशीला आलेली बाई एकटीच हसले. मग आरशात पाहिलं. मागे काळपट ढग होता आणि त्यातून एक मुलगी स्कूटरवर बाहेर येत होती, तोंडाला स्कार्फ घट्ट बांधून. तिने स्कार्फ आणखी वर ओढला. पोराला धुराचं विचारलं तर म्हणाला, "मॅडम, फाइल थोडी अ‍ॅग्रेसिव्ह आहे माझी. तुमची स्मूथ बनवू." पीयूसीचं विचारलं तर नुसता हसला.

घरी येऊन आप्पांना सांगितलं. मला वाटलं होतं, ईसीयू-बिसियू त्यांना समजवावं लागेल. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे पंप वाढवायचा म्हण की."

मला हसूच आलं, कारण ते अगदी तेच होतं. ट्रकवाले पूर्वी डिझेलचा पंप वाढवून घ्यायचे, अजूनही जुन्या गाड्यांचे घेतात. स्क्रू फिरवायचा, डिझेल जास्त सुटतं, गाडी जास्त ओढते, मागून काळं निघतं. एसटीच्या पंपाला सील असायचं. ते कुणी छेडलं तर मेमो. शिवाय डेपोत प्रत्येक ड्रायव्हरचा केपीटीएल निघायचा, म्हणजे दहा लिटर डिझेलमागे किती किलोमीटर काढले तो आकडा. आप्पांना त्या आकड्याचा जो अभिमान होता तो माझ्या दहावीच्या टक्क्यांचासुद्धा नव्हता. "पंप वाढवलेली गाडी चढते ओ झकास," ते पुढे म्हणाले. आमच्या साताऱ्याकडे लेकीलाही कधी कधी 'ओ' लागतो, विशेषतः तिचं ऐकायचं नसलं की. "पण मग क्लच बोलतो, मग गिअरबॉक्स बोलतो, मग मालक बोलतो." आणि टीव्ही मोठा केला.

मी मात्र ठाण मांडून हिशोबाला बसले. रोजचं माझं ड्रायव्हिंग धायरी ते हिंजवडी, वीसेक किलोमीटर, सव्वा तास. त्यातला अर्धा वेळ पहिला आणि दुसरा गिअर, उरलेला ब्रेक. तिथे मला ७५ काय, १५ घोडे दिले तरी पुरतील. माझ्या पुढे जो रिक्षावाला असतो त्याच्याइतकीच मी पोचते. ताकद लागते ती महिन्यातून दोनदा, गावाला जाताना, खंबाटकीच्या चढाला, आणि तीही एकाच बाजूने, कारण येताना बोगदा. एक चढ धरा दहा मिनिटांचा. वर्षाला २४ चढ, म्हणजे चार तास. गाडीला १५ वर्षं झाली तेव्हा गेल्या वर्षी आरटीओत तपासणी करून घेतली, आरसी आणखी ५ वर्षांसाठी वाढवून मिळाली. दिल्लीत असती तर हरित लवादाच्या २०१५च्या आदेशाने दहाव्या वर्षीच तिच्यावर गदा आली असती. इथे तिच्याकडे ५ वर्षं आहेत, त्यातले चढाचे २० तास. २२,००० भागिले २०. तासाला ११०० रुपये. हा आकडा वाचून शहाण्या माणसाने वही मिटली असती. माझ्या मनात आलं ते असं: पोरांना घेऊन सिनेमाला गेलं तर दोन-तीन तासांत यापेक्षा जास्त जातात, आणि पोटात तो गोळाही येत नाही.

कायद्याचंही होतंच. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आहे, नोंदणीच्या वेळी कंपनीने दिलेल्या तपशिलांपासून गाडी वेगळी करता येत नाही, आणि २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलंय. विमावाल्यांना न सांगता इंजिनात बदल केला आणि उद्या काही झालं, तर दावा अडायला त्यांना आयतं कारण. भाचा म्हणतो, सॉफ्टवेअर कुणाला दिसत नाही. दिसत नाही हे खरं. पण मी जिच्या बापाने ३१ वर्षांत एकदाही सील छेडलं नाही अशी मुलगी आहे, आणि घरी त्यांच्यासमोर जेवायला बसते.

गाडी विकून टाक, असंही दोघातिघांनी सुचवलं. हिची सव्वा-दीड लाखाच्या वर किंमत येत नाही आणि तेवढ्यात जे मिळेल ते दुसऱ्याच्या हातून हाल झालेलं असेल. शिवाय ही माझ्या स्वतःच्या पगारातून घेतलेली पहिली गाडी. पेढे वाटताना आप्पांनी टायरखाली ठेवलेलं लिंबू चिरडायला मी इतकी रेस केली होती, की सोसायटीचा वॉचमन पळत आला होता. नवी डिझेल छोटी गाडी आता फारशी मिळतही नाही. मारुतीने तर २०२०मध्ये बीएस-सहा हे धुराचे नवे नियम आले तेव्हा डिझेलच बंद केलं. असो.

शेवटी मी निघाले मेस्त्रींकडे. रीमॅप करायचाच, फक्त त्याआधी क्लच तेवढा बघून घ्यावा म्हणून. आप्पांचं 'क्लच बोलतो' डोक्यात बसलं होतं. मेस्त्री आमचे धायरीतलेच, रस्त्याकडेचं गॅरेज, पत्र्याचं छप्पर, आत एक मांजर जी कायम कुठल्या ना कुठल्या बोनेटवर ऊब घेत झोपलेली असते. मी घाटातली हकिकत सांगितली. त्यांनी मला गाडी चालवायला लावली, स्वतः शेजारी बसले, काच खाली केली आणि कान बाहेर. डीएसके विश्वच्या चढावर म्हणाले, "ताई, दाबा." मी दाबलं. "ऐकलंत?" मी काहीच ऐकलं नव्हतं. "शीऽऽ असं होतंय बघा." परत येऊन बोनेट उघडलं, हात कोपरापर्यंत आत घातला, आणि टर्बोकडून इंटरकूलरकडे, म्हणजे ती दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडे, जाणाऱ्या जाड रबरी होसच्या खालच्या अंगाने बोट फिरवून बाहेर काढलं. बोट काळंभोर, तेलकट. होसला क्लिपेच्या कडेला चीर होती, करंगळीच्या पेराएवढी. गाडी थंड असताना मिटायची, जोर लागला की उघडायची. "टर्बो बिचारा हवा दाबतोय, आणि ती इंजिनात जायच्या ऐवजी घाटात चाललीय," मेस्त्री म्हणाले. एअर फिल्टर काढला तर त्यात अख्खा उन्हाळा साठला होता. थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या ईजीआर व्हॉल्व्हमध्ये काजळीचा थर, चुलीवरच्या तव्याच्या पाठीसारखा. याच्यावर रीमॅप मारला असता तर, मी विचारलं. त्यांनी होस माझ्या हातात ठेवली. "गळक्या घागरीत जास्त पाणी ओतलं असतंत. टर्बोनं आणखी दम काढला असता, आणि एक दिवस तोच बसला असता."

चूक माझीच होती. ऑइल आणि ऑइल फिल्टर सोडून मी गेल्या तीन वर्षांत तिला काही दाखवलंच नव्हतं. चालतेय ना, मग झालं. इतकी हळूहळू ती मंद होत गेली, की मला वाटलं ही अशीच आहे. वय झालं.

आणि तरीही सांगते, ती चीर बघून मला आनंद झाला नाही. थोडा हिरमोडच झाला. एवढ्या मोठ्या दुखण्याचं कारण करंगळीच्या पेराएवढं? मी तर मनात तिला दुसरी गाडी करून बसले होते. पोरांना काय सांगायचं तेही ठरवलं होतं. सातशे-आठशे रुपयांच्या रबराने माझं सगळं स्वप्न दुरुस्त करून टाकलं.

मेस्त्रींनी मग टायर दाखवले. कडेला चार आकडे असतात: ३४१७, म्हणजे २०१७ सालच्या ३४व्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत होती म्हणून मी निर्धास्त होते, पण रबर नखाने दाबलं तर खुरासारखं टणक. "ओढायची ताकद वाढवायला निघालात, थांबायचं कशावर?" एवढंच म्हणाले आणि मांजराला बोनेटवरून उचलून बाजूला ठेवलं. होस, फिल्टर, ईजीआरची सफाई ४,२००. चार टायर १८,४००. लोअर आर्मची बुशं आणि पुढचे माउंट ७,६००. ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल ३,०००. एकूण ३३,२००. क्लच अजून वर्षभर जाईल म्हणाले. म्हणजे रीमॅपपेक्षा ११,२०० जास्त घालवून मी कंपनीने २०१०मध्ये जशी दिली होती, साधारण तशीच गाडी परत घेतली. भाच्याला सांगितलं तर त्याचा दोन सेकंद आवाजच आला नाही. मग म्हणाला, "मावशी, पण आता बेस चांगला झालाय. आता रीमॅप मारला तर..."

त्या रीमॅपवाल्या पोराचा नंबर अजून फोनमध्ये आहे. 'रीमॅप' नावानेच सेव्ह केलाय. मधे एकदा काढून टाकायला गेले आणि 'नक्की का?' असं फोनने विचारल्यावर 'नाही' दाबलं. सकाळी भूमकर चौकात अडकले की कधी कधी त्या डिझायरचा तिसरा गिअर आठवतो. मग त्या मुलीचा स्कार्फही आठवतो. दोन्ही एकदमच येतात, त्याला माझा इलाज नाही.

मे महिन्यात पोरांना सुट्टी लागली तसे पुन्हा गावाला निघालो. तेवढीच माणसं, तेवढीच डिकी. शिरवळच्या पुढे उन्हाने डांबर चकाकत होतं आणि एसी चार नंबरवर असूनही पाठ सीटला चिकटलेली. नव्या टायरांचा आवाजच येत नव्हता, इतकी सवय त्या जुन्या गुणगुणीची. घाटाचा बोर्ड दिसला आणि पोटात वेगळाच गोळा आला, परीक्षेचा. यावेळी वाळूचा डंपर होता पुढे. चढ लागायच्या आधीच मी तिसरा पाडला, मग दुसरा. काटा २२००वर ठेवला. उजवीकडे घेतलं, पाय दाबला आणि गाडी निघाली. त्या डिझायरसारखी नाही, आरडाओरडा न करता, दोर ओढल्यासारखी सरळ. डंपरच्या दारापर्यंत आलो आणि माझा डावा हात आपोआप पुढे गेला. बटण दाबलं. 'टक्'.

आप्पा खिडकीतून बाहेर खामजाईच्या देवळाच्या दिशेने हात जोडत होते. जोडलेले हात तसेच ठेवून त्यांनी मान वळवली.

"राहू दे की," ते म्हणाले. "उकडतंय."